विचारायचे कोणाला?

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. विधानसभेच्या मतदानाला एक दिवस उरला होता आणि जाहीर प्रचार आदल्या संध्याकाळी थांबला होता. दुपारी विरारच्या मनवेलपाड्यात एका हॉटेलासमोर गर्दी जमू लागली. आधी मोटारसायकली आल्या, मग पोलिसांच्या गाड्या, मग कॅमेरे. भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस विनोद तावडे आत कार्यकर्त्यांच्या बैठकीला आले होते. ते वाटायला पैसे घेऊन आले आहेत असा आरोप करत बहुजन विकास आघाडीचे कार्यकर्ते आत शिरले, आणि मागोमाग आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर व क्षितिज ठाकूर हे पितापुत्रही पोचले. काही तास हा गोंधळ चालला. निवडणूक यंत्रणेच्या पथकाने हॉटेलातून नऊ लाखांहून अधिक रोकड जप्त केल्याचे जाहीर झाले आणि आचारसंहिताभंगाचे गुन्हे नोंदले गेले. तावडे यांनी आरोप साफ नाकारला. मतदानाच्या दिवसाची कार्यपद्धती कार्यकर्त्यांना सांगायला आलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी काँग्रेसच्या नेत्यांना बदनामीची नोटीसही धाडली. चार दिवसांनी निकाल लागला तेव्हा वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीच्या हातून गेल्या होत्या.

त्या दिवशी कोण खरे बोलत होते, याचा निवाडा मी इथे करणार नाही. त्यासाठी न्यायालये आहेत. मला सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे.

स्टेशनवरून येणाऱ्या शेअर रिक्षात मागे आम्ही तिघे होतो. माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांत एक तरुण मोबाइलवर हॉटेलातली दृश्ये पाहत होता आणि रिक्षावाल्याशी वाद घालत होता. दोघांची मते ठरलेली होती. दुसऱ्या बाजूला मांडीवर भाजीची पिशवी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "ते राहू द्या हो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दिवा हवाय. मुली क्लासवरून अंधारात येतात. ते विचारायचं कोणाला?" रिक्षावाला म्हणाला, "नगरसेवकाला सांगा." "नगरसेवक आहेत कुठे? चार वर्षं झाली." त्यावर कोणी काही बोलले नाही. तलावाजवळ त्या उतरल्या आणि रिक्षा पुढे निघाली.

तेव्हापासून 'विचारायचं कोणाला' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

मराठीत एक विलक्षण गोष्ट आहे. प्रश्न करणे यासाठी आपण जे क्रियापद वापरतो ते 'विचारणे', आणि मनातल्या मनात जे चालते तो 'विचार'. दोन्ही एकाच संस्कृत धातूपासून आले. हिंदीत 'पूछना' वेगळे आणि 'विचार' वेगळा. इंग्रजीतही या दोन क्रियांचा शब्दांनी काही संबंध नाही. मराठी माणूस मात्र दुसऱ्याला प्रश्न करतो तेव्हा, शब्दाच्या साक्षीने, विचारच करत असतो. फक्त तो एकट्याने न करता दुसऱ्याला त्यात ओढून घेतो. मग आजारी माणसाची आपण 'विचारपूस' करतो. एखाद्याची उपेक्षा झाली की तो म्हणतो, 'आम्हाला कोण विचारतो?' या वाक्यात प्रश्न विचारला जाणे आणि माणूस म्हणून दखल घेतली जाणे एकच झाले आहे. दुसऱ्या बाजूला अरबी-फारसीतून आलेला 'जाब' आहे. जाब म्हणजे जवाब, उत्तर. आपण सत्तेला जाब विचारतो, आणि ज्याला तो द्यावा लागतो त्याला 'जबाबदार' म्हणतो: ज्याच्यापाशी उत्तर आहे असा. लोकशाहीची व्याख्या करायला मला परदेशी ग्रंथांपेक्षा हे दोन शब्द अधिक उपयोगी वाटतात. विचारणारा एक आणि जबाबदार दुसरा, आणि दोघांच्या मधली वाट मोकळी. मावशींच्या प्रश्नात विचारणारे माणूस होते. वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे सकाळचा चहा. गेल्या काही वर्षांत तिच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते. त्यांच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आता राजकारणाचा विषय काढायचा नाही असे ठरले आहे. कोणी लादलेले नाही, सगळ्यांनी आपापसात ठरवले. पूर्वी जेवणाच्या पंगतीत ट्रम्प यांच्या बाजूचे आणि विरोधातले समोरासमोर बसून वाद घालायचे. मग दोन कुटुंबांनी येणे बंद केले, आणि उरलेल्यांनी शांतता पत्करली. "मामा, आता आम्ही एकमेकांना काही विचारतच नाही," असे ती म्हणाली तेव्हा मला रिक्षा आठवली.

अमेरिकेच्या लोकशाहीला जे झाले आहे त्यात ६ जानेवारी २०२१ चा दिवस सगळ्यांना ठाऊक आहे. हरलेली निवडणूक जिंकली आहे असे सांगितले गेलेला जमाव त्या दिवशी संसदेच्या इमारतीत घुसला. चार वर्षांनी, २० जानेवारी २०२५ ला, पुन्हा सत्तेवर आलेल्या अध्यक्षांनी त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना माफी दिली. मला या दोन तारखांपैकी दुसरी अधिक भयंकर वाटते. पहिल्या दिवशी कायदा मोडला गेला. दुसऱ्या दिवशी तो मोडणे हे देशभक्तीत जमा झाले. त्याच वर्षी जूनमध्ये मिनेसोटात मेलिसा हॉर्टमन या डेमोक्रॅट लोकप्रतिनिधीचा घरात शिरून खून झाला, आणि सप्टेंबरमध्ये यूटातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांशी जाहीर वाद घालत असताना चार्ली कर्क या उजव्या विचाराच्या तरुण नेत्याला गोळी घातली गेली. कर्क यांची जवळपास सगळी मते मला अमान्य आहेत. पण ते मारले गेले ते प्रश्नोत्तरे चालू असताना. समोरच्याचे बोलणे थांबवायला गोळी झाडणारा माणूस कोणत्या बाजूचा, हा प्रश्न मला गौण वाटतो. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांवर आणि १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा काही घरांत दबक्या आवाजात समाधान व्यक्त झाले होते. ते मी कानांनी ऐकले आहे. म्हणून या बाबतीत माझ्या बाजूच्या लोकांनी कर्क यांच्या मृत्यूवर आनंद मानू नये असे मी त्यांना सांगितले. काहींनी ऐकले नाही.

अमेरिकेशी मराठी माणसाचे नाते आयटीतल्या नोकऱ्यांपासून सुरू झालेले नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले ते अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे केलेल्या कामाबद्दल. पुण्यातल्या एका माळ्याच्या घरातला माणूस समुद्रापलीकडच्या यादवीकडे पाहत होता आणि त्यात आपल्या शूद्रातिशूद्रांची सुटका शोधत होता. चाळीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथे जॉन ड्युई यांच्याकडून त्यांनी जे घेतले ते १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात उतरले आहे: लोकशाही हा सरकारचा प्रकार होण्याआधी एकत्र जगण्याची रीत आहे, अनुभवांची देवाणघेवाण आहे. म्हणजे त्या देशातल्या पंगतीत लोक एकमेकांना विचारायचे थांबतात तेव्हा, या अर्थाने, आपलेही काही जाते. फुल्यांनी ज्या घराकडे बोट दाखवले होते त्या घराला तडा गेला आहे. आज त्याच देशाच्या प्रतिनिधीगृहात मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार बेळगावात वाढले आहेत, ही गोष्ट मला म्हणूनच नुसत्या कौतुकाची वाटत नाही.

फ्रेंच लेखक तॉकव्हील १८३१ मध्ये अमेरिकेत गेला आणि परतून त्याने 'अमेरिकेतील लोकशाही' हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याला वॉशिंग्टनपेक्षा अधिक कुतूहल न्यू इंग्लंडमधल्या गावसभांचे होते. रस्ता, शाळा, पूल यांवर गावकरी उघड्या सभेत बोलतात आणि ठरवतात. स्वातंत्र्याची शाळा ती, असे त्याचे निरीक्षण होते. देशाचे राजकारण बिघडते तेव्हा बहुधा त्या आधी ही शाळा बंद पडलेली असते.

आमच्या वसईतही ही शाळा होती. ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ती केली गेली. ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि मतदारयादीत नाव असलेला कोणीही तिथे उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो. हिशेब कुठे आहे? बंधाऱ्याचे काम का अडले? कागदावर का होईना, ५३ ग्रामसभा होत्या. एका अधिसूचनेने त्या संपल्या. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी याला कडवा विरोध केला. केळीच्या बागा, विहिरी आणि भाताच्या शेतांची ती गावे होती. त्यांना शहराचे कर आणि टॉवर नको होते. २००९ च्या विधानसभेत विवेक पंडित याच मुद्द्यावर अपक्ष निवडून आले. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो न्यायालयात अडकला. त्या गावांचे भवितव्य पुढे वर्षानुवर्षे टांगते राहिले.

त्या आधीची पिढी याहून मोठ्या लढाईतून गेली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबतच्या 'हरित वसई' चळवळीतल्या लोकांनी बिल्डर आणि गुंड यांच्या युतीविरुद्ध आवाज उठवला तेव्हा तालुक्यात भीतीचे राज्य होते. एक धर्मगुरू चर्चच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आला, हिंदू-ख्रिस्ती-मुस्लिम सगळ्यांना घेऊन, आणि मराठीत बोलला. हेच दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची निवड झाल्यावर त्यांना धमक्या आल्या. ख्रिस्ती धर्मगुरूला हे पद कसे, असे विचारले गेले. ज्याने आयुष्यभर मराठीत लिहिले, बायबल सुबोध मराठीत आणले, त्याला मराठीच्या व्यासपीठावर हक्क आहे का, हा प्रश्न! त्याआधी एकच वर्ष यवतमाळच्या संमेलनात नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले होते. दिब्रिटो पाठीच्या दुखण्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून उस्मानाबादला आले, आणि जे बोलायचे ते बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. मनवेलपाड्यातले 'मनवेल' हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येते. या पाड्याच्या नावातच पोर्तुगीज मानुएल आणि मराठी पाडा शेजारी शेजारी नांदतात. फादरांचे सगळे काम मला त्या जोडशब्दासारखे वाटते.

आता दिव्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या काळातली लोकशाहीची सर्वात मोठी इजा तिथे आहे आणि तिच्याविषयी सर्वात कमी बोलले गेले आहे.

महापालिकेची मुदत २०२० च्या जूनमध्ये संपली. करोना होता, निवडणूक पुढे ढकलली गेली आणि प्रशासक आला. इथपर्यंत कोणाची तक्रार असू नये. त्यानंतर मात्र २०२१ गेले, २०२२ गेले, २०२३, २०२४ आणि २०२५ गेले. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आणलेले २४३-यू हे कलम सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे कलम वाचताना त्यात मला कुठे फट दिसत नाही. तरीही एकेक करत राज्यातल्या सगळ्या २९ महापालिका लोकप्रतिनिधींविना राहिल्या. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली. मग आकडेवारी गोळा करण्याचा प्रश्न आला, मग आयोग आला, मग प्रभागरचना बदलली, सरकार बदलले आणि रचना पुन्हा बदलली. मग न्यायालयाने 'जैसे थे' सांगितले आणि तारखा पडत राहिल्या. मागासवर्गीयांचे प्रतिनिधित्व ही माझ्या दृष्टीने पवित्र गोष्ट आहे. ते मिळायलाच हवे होते. पण त्याचे नाव पुढे करून कोणाचेच प्रतिनिधित्व राहू नये, ही स्थिती एकामागून एक आलेल्या, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांना सोयीची वाटली. प्रशासक मंत्रालयाचे ऐकतो. सभागृह असते तर ते कधी ऐकते, कधी ऐकत नाही. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. साडेपाच वर्षे! मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर लाखो माणसांचे हे शहर साडेपाच वर्षे एकाही निवडून आलेल्या नगरसेवकाला दिव्याविषयी विचारू शकले नाही.

याला कोणी हुकूमशाही म्हणाले नाही. रणगाडे आले नाहीत, वर्तमानपत्रे बंद झाली नाहीत. अधिकाऱ्यांपैकी अनेक कष्टाळू होते. पण अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात यायचे नसते, त्यामुळे तो तुमच्याशी कितीही चांगला वागला तरी जबाबदार नसतो, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने. याच काळात, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरात रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळली आणि १७ माणसे मेली. ती इमारत प्रशासकाच्या काळात बांधलेली नव्हती. ती उभी राहिली तेव्हा नगरसेवक होते आणि त्यांचा पक्षही होता. म्हणून हे मरण मी कोणत्याही एका राजवटीच्या खात्यावर लिहीत नाही. ते लिहितो त्या शांततेच्या खात्यावर, जिच्यात घर घेणारा कनिष्ठ मध्यमवर्गीय माणूस परवानगीचा कागद मागायला कचरतो, आणि मागितला तर तो कुठे मिळेल हे त्याला कोणी सांगत नाही.

निवडणूक झाली तीही नव्या पद्धतीने. पूर्वी वसई-विरारमध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक असे. आता २९ प्रभाग आणि ११५ नगरसेवक आहेत: २८ प्रभागांत चार-चार आणि एकात तीन. मतदाराला चार मते द्यायची असतात, आणि नंतर गटार तुंबले की चार दारे. पहिला म्हणेल ते काम दुसऱ्याकडे आहे. मोठ्या प्रभागात लढायला पैसा मोठा लागतो. एकटी उभी राहणारी शिक्षिका किंवा रिक्षा संघटनेचा कार्यकर्ता तिथे टिकत नाही. अमेरिकेत १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी पक्षाच्या सोयीने मतदारसंघ कापणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्या वाकड्यातिकड्या नकाशावरून त्यांचे नाव त्या लबाडीला कायमचे चिकटले. २०२५ मध्ये टेक्सासने दहा वर्षांची जनगणना व्हायच्या आत पुन्हा नकाशे कापले, आणि कॅलिफोर्नियाने त्याला तसेच उत्तर दिले. आपल्याकडे प्रभागाचे नकाशे कापणे आणि नगरसेवकांची संख्या एक, तीन, चार अशी फिरवणे हे प्रत्येक सरकारने केले आहे. या बाबतीत डावे-उजवे असा भेद मला आढळलेला नाही. आणि जानेवारीच्या त्या निवडणुकीत राज्यभर साठाहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. जवळजवळ सगळे सत्ताधारी पक्षांचे. बिनविरोध झाले की मतदानच होत नाही. 'नोटा'चे बटणही दाबता येत नाही. तिथल्या मतदाराला कोणी काही विचारलेच नाही.

बोलण्याच्या स्वातंत्र्याविषयी आपल्या आजच्या पालघर जिल्ह्याने देशाला एक धडा दिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. त्या अटकेने हादरलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले. आणि याच जिल्ह्यात, १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, मोबाइलवरून पसरलेल्या चोरांच्या अफवेवर विश्वास ठेवून गडचिंचले येथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार केले. त्यांना थांबवून 'तुम्ही कोण?' असे नीट विचारायलाही त्या रात्री सवड झाली नाही. मग त्या मृतदेहांवर धर्माचा दुसरा खेळ सुरू झाला आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही असे जाहीर करावे लागले. एकीकडे चार ओळींसाठी तुरुंग, दुसरीकडे खोट्या ओळींसाठी खून. या दोन्ही गोष्टी मी एकाच श्वासात मांडतो, कारण भाषणस्वातंत्र्याचे समर्थन करणाऱ्या आम्हा लोकांनी दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसे पाहिलेले नाही.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी दोघे बसतात तो वाद. जिंकण्यासाठी बसतात तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता फक्त समोरच्याचे पाडायचे ती वितंडा. 'वितंडवाद' शब्द मराठीत राहिला, 'जल्प' हरवला. मला वाटते तोच शब्द आज सर्वात गरजेचा आहे. वाहिन्यांवर रोज रात्री चालतो तो जल्प, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात चालतो तो जल्प, आणि मी स्वतः अनेकदा जे लिहिले आहे तेही जल्पच होते. वादासाठी एक अट लागते: समोरच्याने काही बरोबर सांगितले तर मी माझे मत बदलेन ही तयारी. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे पुणेकर जल्पाच्याही पलीकडे गेले होते. पण त्याच पुण्यात टिळक आणि आगरकर आधी एकत्र संस्था उभारून, मग वेगळे होऊन, दोन पत्रांतून एकमेकांवर कठोर लिहीत राहिले. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी 'केसरी'त लिहिला. ज्याच्याशी आपण इतके भांडलो त्याच्याविषयी शेवटचे शब्द आपणच लिहावेत, हा अधिकार प्रामाणिक भांडणाऱ्यालाच मिळतो. आमच्या विरार लोकलच्या डब्यात मी अजून अशी माणसे पाहतो. भाईंदरपर्यंत आवाज चढतात, आणि वसईला उतरताना एकजण दुसऱ्याची बॅग वरून काढून देतो.

२२ डिसेंबर १९५२ ला पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय काय लागते यावर भाषण केले. ढळढळीत विषमता नसणे, कायद्यापुढे समानता, घटनात्मक नीती, अल्पसंख्याकांवर बहुसंख्येची जुलूमशाही नसणे, जागी असलेली लोकांची सदसद्विवेकबुद्धी अशा अटी त्यांनी सांगितल्या. त्यांतली एक अट विरोधी पक्षाची होती. सत्तेला कोणीतरी सभागृहात उभे राहून आव्हान देणारे हवे. २०१५ मध्ये आमच्या महापालिकेत ११५ पैकी शंभराहून अधिक जागा एका पक्षाच्या होत्या, आणि आमच्यापैकी अनेकांना त्याचे काही वाटले नाही. पाणी येते, रस्ता होतो, मग काय? मलाही तेव्हा फारसे वाटले नव्हते. आज मला ते चुकीचे वाटते. २०२६ च्या निवडणुकीत तोच पक्ष, बहुजन विकास आघाडी, पुन्हा सत्तेवर आला, पण समोर चाळीसहून अधिक भाजप नगरसेवक बसले आहेत. भाजपच्या देशपातळीवरच्या राजकारणाला माझा विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. तरीही त्या बाकांवर कोणीतरी आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी प्रश्न विचारावेत. सत्ताधाऱ्यांनी उत्तरे द्यावीत.

आणि आपणही. शहरातल्या माणसाला ग्रामसभा नाही हे अर्धेच खरे आहे. महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. प्रभागाचे लहान भाग पाडायचे, काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र करायचे, आणि त्या क्षेत्रातल्या मतदारांची सभा नगरसेवकाने घ्यायची. सतरा वर्षांत मी अशी एकही सभा पाहिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर मी ती कधी मागितलीही नाही. तुम्ही मागा. तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकेक पत्र द्या, पोच घ्या, आणि सभेची तारीख विचारा. तुम्ही ज्याला मत दिले नाही त्या शेजाऱ्याची सही आधी घ्या. माझ्या पत्रावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. बारावी त्या मावशींची हवी आहे, आणि मी तलावाजवळच्या रिक्षाथांब्यावर त्यांना शोधतो आहे.